अठरा ग्रॅम

सकाळचे साडेसहा वाजलेत. पुण्यातली एक निवांत गल्ली. मे महिना आहे, त्यामुळे समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर ऊन आत्ताच उतरलंय. रस्ता नुकताच झाडून झालाय, तरी गुलमोहराच्या पाकळ्या कडेला उरल्यात. दूधवाल्याची गाडी येते, दोन क्रेट उतरतात, गाडी निघून जाते. कॅफेचं शटर अर्धंच वर आहे. मी वाकून आत शिरते.

आत एकच दिवा लागलाय. लाकडी काउंटरवर एस्प्रेसोचं यंत्र तापतंय. मंद आचेवर मोठं पातेलं ठेवावं तसा त्याचा आवाज. मधूनच टक् होतं. मधूनच वाफेचा एक सुस्कारा. इथली बरिस्ता सहाला येते आणि खांद्यावरची पिशवी उतरवायच्या आधी यंत्राचं बटण दाबते. "पाणी लवकर तापतं, ताई. पितळ तापायला वेळ लागतो," ती म्हणते. मूठ असलेली गाळणी, म्हणजे पोर्टाफिल्टर, तिनं यंत्राला अडकवूनच ठेवलीय. तीसुद्धा तापायला हवी. गरम पाणी थंड धातूला लागलं की पहिला कप तिथेच बिघडतो. म्हणून अर्धा-पाऊण तास नुसती वाट बघायची.

तिचे हात मात्र चालूच आहेत. कप पुसून ती यंत्राच्या माथ्यावर मांडते. तिथे ते आपोआप गरम होतात. दूध फ्रीजमध्ये जातं. तीन फडकी ओली करून, पिळून, घड्या घालून ठेवली जातात. एक वाफेच्या नळीचं, एक गाळणीचं, एक काउंटरचं. दिवसभरात एकाचं काम दुसऱ्याकडे जात नाही.

मग फळीवरून ती एक किलोची तपकिरी पिशवी काढते. पिशवीवर हातानं लिहिलेली चिठ्ठी आहे. चिकमगळूर. अरेबिका, सिलेक्शन 795. नॅचरल. मीडियम रोस्ट. भाजल्याची तारीख दहा दिवसांपूर्वीची.

"एकदम ताजी का नाही घेत?"

"एस्प्रेसोला एकदम ताजी चालत नाही. भाजल्यावर दाण्यात गॅस अडकलेला असतो, कार्बन डायऑक्साइड. तो निघायला आठवडा तरी द्यावा लागतो. नाहीतर कपात नुसता फेस पडतो."

पिशवी उघडून ती आधी माझ्यापुढे धरते. कॉफी म्हटलं की भाजका, खमंग वास नाकाला अपेक्षित असतो. इथे आधी फळ येतं. मनुका. मग घरात कुठेतरी फणस फोडलाय आणि आपण दारातून आत येतोय, तसा एक गोड, जड वास. त्याच्या मागून काकवी. आणि मग कॉफी.

दाणे मध्यम तपकिरी आहेत, हाताला कोरडे लागतात. काळपट भाजलेल्या दाण्यांवर तेल सुटलेलं असतं, ते इथे नाही. एक दाणा ती पालथा करते. मधल्या चिरेत पापुद्रा अडकलाय, तांबूस-तपकिरी. "धुतलेल्या कॉफीत हा पांढरट दिसतो. ही नॅचरल, म्हणजे फळासकट वाळलीय, म्हणून रंग धरलाय."

दाणे हॉपरमध्ये पडतात. टपटप, मग सरसर.

सात वाजायला पाच मिनिटं आहेत. ग्राइंडर घरघरतो आणि थांबतो. गाळणी वजनकाट्यावर. 18.2. ती नखाच्या टोकानं किंचित भुकटी काढते. 18.0. मी उरलेली भुकटी बोटांत चोळून बघते. बारीक रव्यापेक्षा बारीक, मैद्यापेक्षा जाड. बारीक सुयांची एक कुंचली घेऊन ती गाळणीतली भुकटी गोल-गोल ढवळते. गुठळ्या फुटतात. मग टँपरनं वरून सरळ दाब. मनगट वाकत नाही, कोपर सरळ वर.

एवढी काळजी पाण्यासाठी आहे. पाणी आळशी असतं, ते सोपी वाट शोधतं. बांधाला खेकड्याचं बीळ असलं की सगळं पाणी तिथूनच जातं आणि वाफा कोरडा राहतो. गाळणीतही तसंच होतं. आणि इथे दाब नऊ बारचा आहे. नव्वद मीटर खोल पाण्याखाली असतो, जवळपास तेवढा. 58 मिलिमीटरच्या एवढ्याशा चकतीवर मिळून सुमारे अडीच क्विंटल भार. भुकटीत कुठे केसाएवढी फट राहिली तरी पाणी ती सोडत नाही.

गाळणी यंत्राला लागते. खट्. खाली काटा, काट्यावर कप. बटण. पंप गुणगुणायला लागतो.

पहिला थेंब चौथ्याच सेकंदाला पडतो. मग धार. फिकट, घाईची. काट्यावरचे आकडे पळतात. 36 ग्रॅम भरतात तेव्हा घड्याळात 19 सेकंद झालेत. "पळाली," ती म्हणते. चमच्यानं ढवळून मला देते. आंबट. कच्ची चिंच दाताखाली यावी तसं. मागे खारट. पिशवीतला फणस कुठेच नाही.

ती ग्राइंडरचं कडं बारीकच्या बाजूला दोन खुणा फिरवते. आतली जुनी भुकटी काढून टाकते. पुन्हा अठरा ग्रॅम. या वेळी दहा सेकंद काहीच येत नाही. मग एक थेंब, काळा, लोंबकळत राहणारा. मग दुसरा. 36 ग्रॅम भरायला 41 सेकंद. याची चव कडू आहे. सुपारीचं खांड चघळल्यावर जीभ जशी ओढली जाते, तशी ओढली जाते. फळ आहे, पण टोपलीत तळाशी राहून आंबलेलं.

"तिसरी जमेल," ती म्हणते. एक खूण मागे.

वाट बघायची. काट्याकडे, घड्याळाकडे, गाळणीच्या तळाकडे. या गाळणीला खालून तोटी नाही. भोकांची जाळी उघडी आहे, म्हणून सगळं दिसतं. सातव्या सेकंदाला जाळीभर एकदम दव सुटतं, गडद तपकिरी. थेंब कडेकडून मध्याकडे सरकतात. एकत्र येतात. मग मधोमध एकच धार खाली उतरते, मधासारखी, बारीक होत होत कपाला टेकते. धारेत गडद आणि सोनेरी पट्टे एकमेकांत वळतात. पंधराव्या सेकंदाला ती सोनेरी होते. पंचविसाव्याला फिकी पडायला लागते. तिचं बोट बटणावर आलंय. 28 सेकंद. काट्यावर 36.4.

कोणी बोलत नाही. वरचा क्रीमाचा, म्हणजे फेसाचा, थर लालसर सोनेरी आहे. ती ढवळते, कप माझ्याकडे सरकवते. पहिल्या घोटात जांभूळ. लगेच मनुका. मग घट्ट, गुळचट काहीतरी जिभेवर पसरतं आणि उतरतं. आंबटपणा आहे, पण आमसुलाच्या सारातला असतो तसा, गोडाला धरून. शेवटी भाजलेल्या शेंगदाण्याची सालं. कप खाली ठेवल्यावरही तोंडात फळ राहतं.

ती पाटीवर खडूनं लिहिते. 18, 36, 28, 92. भुकटी, कप, सेकंद, पाण्याचं तापमान. यातला एकही आकडा गोडी तयार करत नाही. आहे ती गोडी सांडू नये, एवढ्यासाठी ते आहेत.

शटर पूर्ण वर जातं. उजेड आत येतो. भिंतीवर एका जुन्या, लांब दांडीच्या यंत्राचं छायाचित्र आहे. 1901 साली मिलानच्या लुइजी बेझेरानं वाफेच्या दाबावर एकेक कप काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. तो दाब कमी होता आणि कॉफी करपट व्हायची. दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गाज्जियाची दांडी ओढायची, स्प्रिंगची यंत्रं आली. दाब वाढला आणि कपावर पहिल्यांदा हा सोनेरी थर दिसला. 1961 मध्ये फाएमा कंपनीच्या ई61 या यंत्रानं ते काम विजेच्या पंपाकडे दिलं. त्या वर्षी युरोपातून खग्रास सूर्यग्रहण दिसलं, त्यावरून यंत्राचं नाव पडलं. इटली आणि आपला संबंध इथेच संपत नाही. भारतीय कॉफीचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक देश इटलीच आहे. आपला रोबस्टा तिथल्या एस्प्रेसोच्या मिश्रणांत जातो. या पिशवीतली अरेबिका मात्र फक्त घाट ओलांडून आलीय.

मी ती जागा पाहिलीय. जिभेवर हे जांभूळ आलं की मी पुन्हा तिथे असते.

जानेवारीची दुपार आहे. चिकमगळूरच्या डोंगरातला एक मळा. सिल्व्हर ओकची सरळसोट झाडं, त्यांच्या अंगावर मिरीचे वेल, खाली कमरेएवढी कॉफी. सावलीत गारवा आहे. मळ्यातून बाहेर पडलं की एकदम खळं लागतं आणि डोळे दिपतात. सिमेंटचं मोठं अंगण. त्याला लागून कमरेच्या उंचीचे जाळीचे मांडव, एकापुढे एक. मांडवांवर फळं पसरलीत. लाल, पुढे मरून, त्याच्यापुढे काळपट. पहिल्या मांडवापासून शेवटच्यापर्यंत चालत गेलं की तीन आठवडे ओलांडल्यासारखे होतात.

पहिल्या मांडवावर काल तोडलेली फळं आहेत. दाबलं की बोटाला चिकट रस लागतो. चाखलं तर गोड, पातळसर. गर नावालाच, आत दोन दाणे एकमेकांना पाठ न लावता पोट लावून बसलेले. मधमाश्या घोंघावतायत. इथे ओलावा साठ टक्क्यांच्या वर आहे. तो साडेदहा ते बाराच्या दरम्यान आणायचा, तोही सावकाश. घाई केली तर साल कडक होतं आणि ओल आत कोंडते. ढिलाई केली तर फळ आंबतं, बुरशी धरतं.

बायका लाकडी दाताळं घेऊन फळं परततायत. सरर् सरर्. थर तीन-चार बोटांपेक्षा जाड होऊ द्यायचा नाही. पहिले काही दिवस तर दर तासाला परतायचं. डोक्यावर पदर, त्यावर टोपी. कोणी उत्तर कर्नाटकातून आलीय, कोणी आसाममधून. कन्नड, हिंदी आणि हातवारे यांवर काम चालतं. एकीचं लक्ष हिरव्या फळांवर आहे. कच्चं फळ दिसलं की दोन बोटांनी उचलायचं आणि बाजूच्या टोपलीत टाकायचं. तिची मान वर होत नाही. तोडलेली फळं आधी पाण्याच्या हौदात सोडलेली असतात. जी तरंगतात ती पोकळ किंवा कीड लागलेली. ती तिथेच काढली जातात. तरीही काही निसटतातच, म्हणून हे बोटांचं काम.

मळ्याचा हिशेब आणि देखरेख बघणाऱ्याला इथे 'रायटर' म्हणतात. तो मला शेवटच्या मांडवाशी नेतो. मूठभर काळी फळं माझ्या हातात देतो आणि कानाशी हलवायला सांगतो. खुळखुळ्यासारखा आवाज येतो. दाणा सुटलाय. "आवाज आला म्हणजे आलं जवळ. मग मशीन लावून ओल बघायची," तो मोडक्या हिंदीत सांगतो. आणि लगेच आकाशाकडे बघतो. जानेवारीत पाऊस येऊ नये. आला तर पसरलेलं सगळं धावत झाकावं लागतं. रोज संध्याकाळी ताडपत्री पडतेच, कारण इथे दव जबर. सकाळी दव उतरलं की ताडपत्री निघते. तीन आठवडे, कधी चार, हेच.

फळ वाळवायची ही रीत सर्वांत जुनी. सतराव्या शतकात बाबा बुदन यांनी येमेनमधून सात बिया लपवून आणल्या आणि या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका इथे प्रत्येक जण सांगतो. समोरच्या डोंगररांगेला त्यांचंच नाव आहे. येमेनमध्ये आजही कॉफी फळासकटच वाळवतात. आपल्याकडे मात्र या रीतीला बरीच वर्षं दुय्यम मान मिळाला. उत्तम पिकलेली फळं सोलून, धुऊन काढायची. त्या कॉफीला बाजारात 'प्लँटेशन' म्हणायचं. उरलीसुरली, कच्ची-पक्की फळं एकत्र वाळवायची. ती 'चेरी'. नावातच दर ठरलेला असायचा. आता काही मळेवाले तोडणीतली निवडक, पूर्ण लाल फळंच वाळवायला काढतात. धुतलेल्या कॉफीला लागतं तेवढं पाणी याला लागत नाही. लागतात ते हात. पाच-सहा किलो फळांतून एक किलो कच्चा दाणा निघतो, आणि दाणा निघेपर्यंत त्या पाच-सहा किलोंवरून दाताळं किती वेळा फिरलं हे कोणी मोजत नाही.

सिलेक्शन 795 हे वाणही याच जिल्ह्यातलं. बाळेहोन्नूरला 1925 मध्ये सुरू झालेल्या कॉफी संशोधन केंद्रात ते तयार झालं. झाड तांबेऱ्याला बऱ्यापैकी तोंड देतं. खोडकिड्याची भीती त्यालाही आहेच. उतरत्या उन्हात मळ्याकडे बघितलं की एखाद-दुसरं पिवळं पडलेलं झाड लगेच कळतं.

ऊन कलतं. बायका फळांचे ढीग करतात. ताडपत्री ओढली जाते. हवेत फणसाचा वास भरून राहिलाय. पण मळ्यात फणस पिकायला अजून तीन-चार महिने आहेत. वास मांडवांवरून येतोय.

पुण्यात, त्याच वासाच्या मागे मागे मी कॅफेच्या मागच्या खोलीत जाते. इथे गरम आहे. पंखा बंद आहे, कारण पंख्यानं फोलपटं उडतात. पाच किलोचा रोस्टर फिरतोय. भाजणारा दादा कानात काही घालत नाही, त्याला ऐकायचं असतं. कच्चे दाणे फिकट पिवळसर हिरवे, वाळलेल्या वाटाण्यासारखे. ते ड्रममध्ये पडतात आणि त्यांच्या गारव्यानं तापमानाचा आकडा भराभर खाली येतो. मग थांबतो. मग चढायला लागतो.

पाचव्या मिनिटाला दाणे पिवळे होतात. आधी ओल्या गवताचा वास, मग बेकरीच्या दारातला. दादा नळीसारख्या चमच्यानं दाणे बाहेर काढतो, हुंगतो, आत ढकलतो. पुन्हा काढतो. "नॅचरलला आच जपून द्यावी लागते. फळाची साखर अंगावर असते ना, पटकन करपतो," तो सांगतो आणि गॅस थोडा कमी करतो.

नवव्या मिनिटाला पहिली लाही फुटावी तसा आवाज. टक्. मग दोन. मग ज्वारीच्या लाह्या फुटतात तसा सलग तडतडाट. आकडा दोनशे अंशांच्या आसपास आहे. दाण्यातली वाफ दाणा फोडून बाहेर येतेय. इथून पुढचं सगळं काम दीड-दोन मिनिटांचं आहे. लवकर काढलं तर एस्प्रेसोत आंबट बोचेल. उशीर झाला तर फळ जळेल आणि नुसता भाजका कडूपणा उरेल. दादा हुंगतोय. त्याचा एक हात झडपेवर आहे. तडतड विरळ होते. तो झडप उघडतो.

दाणे धो धो कोसळतात. ताटातली पाती फिरायला लागतात, खालून पंखा हवा ओढतो. खोलीभर काकवीचा वास. चेहऱ्यावर आच. पाच किलो आत गेले, बाहेर सव्वाचार किलोच्या आसपास येतात. बाकीची बहुतेक ओल होती, ती गेली. दादा ताटावर वाकतो आणि फिकट राहिलेले दाणे वेचायला लागतो. दोन बोटांनी. तीच बोटांची हालचाल मी जानेवारीत पाहिलीय.

तो पिशव्या भरतो, तारीख लिहितो आणि फळीवर मागच्या बाजूला ठेवतो. या दहा दिवसांनी उघडायच्या.

बाहेर रांग लागलीय. साडेआठ वाजलेत. टेकडीवरून उतरलेले चौघे घामाघूम उभे आहेत. पाठीवर लॅपटॉपच्या सॅक घेतलेले दोघे सारखे घड्याळ बघतायत. एका मुलीच्या हातात अभ्यासाच्या झेरॉक्स. दार उघडलं की उन्हाचा झोत आत येतो, बंद झालं की वाफेचा आवाज मोठा होतो. दूध तापवायच्या नळीचा तो फाटका आवाज दोन सेकंदच असतो. मग दूध भांड्यात भोवऱ्यासारखं फिरतं आणि आवाज खोल जातो. साठ-पासष्ट अंशांना ती थांबवते. हात भांड्याला लावूनच तिला कळतं. खट्, चोथा डब्यात. फडकं. अठरा ग्रॅम. टँपर. खट्. गुणगुण. दुधात गेली की या कॉफीतलं फळ मागे सरतं आणि काकवी पुढे येते.

नऊनंतर ती एकदम थांबते. घड्याळात 24 सेकंद दिसतायत. सकाळपासून दळून ग्राइंडर तापलाय, खोलीही तापलीय, आणि पाणी पुन्हा पळायला लागलंय. रांगेत अकरा माणसं. ती तो कप ओतून देते. कडं अर्धी खूण बारीक करते, एक शॉट काढते, चाखते, तोही ओतते. पुढच्याला 28. मग ती रांगेकडे बघून "सॉरी हं, दोन मिनिटं लागली," म्हणते. कोणी काही बोलत नाही. सॅकवाल्यांपैकी एक फोन खिशात ठेवतो आणि धारेकडे बघत उभा राहतो.

सत्तरीचे एक काका पुढे येतात. हातात कापडी पिशवी, पिशवीत कोथिंबीर.

"एक साधी कॉफी दे गं. जायफळ घालून."

"काका, जायफळ नाही हो आपल्याकडे. हिचा एक घोट घेऊन बघा आधी. आवडली नाही तर दुधाची देते."

काका छोट्या कपाकडे बघतात. एवढीशी कॉफी. घोट घेतात. थोडा वेळ काहीच बोलत नाहीत. "ही आंबट नाही. म्हणजे आहे, पण…" दुसरा घोट. "करवंद. अगदी काळी पडलेली." ते माझ्याकडे वळतात. "मी अमरावतीचा. आमच्या चिखलदऱ्याला कॉफीची झाडं आहेत, माहितेय? महाराष्ट्रात कॉफी म्हटली की तिथलीच. लहानपणी सहलीला गेलो होतो, तेव्हा मास्तरांनी लाल फळं दाखवली होती. खाऊ नका म्हणाले. आम्ही खाल्ली." तिसऱ्या घोटाला ते अर्धा चमचा साखर घालतात आणि कप संपवतात. ती काही म्हणत नाही. कप उचलते, तळाशी बघते. तळाशी थेंबही नाही.

साडेअकराला रांग संपते. रस्ता पांढरा पडलाय. समोरचा कुत्रा दुकानाच्या पायरीखाली सावलीत शिरलाय. यंत्र अजून गुणगुणतंय. ती गाळणी धुते, ती अडकते त्या ग्रुपमधून नुसतं पाणी सोडते, ब्रशनं घासते. काळं पाणी येतं, मग पिवळसर, मग स्वच्छ.

मी तिच्याकडे अठरा ग्रॅम दाणे मागते. न दळलेले. ती काट्यावर वाटी ठेवून मोजून देते. आम्ही दोघी ते काउंटरवर पसरतो आणि दहा-दहाचे गट करतो. एक गोल, वाटाण्यासारखा दाणा निघतो. त्याला पीबेरी म्हणतात, फळात तो एकटाच वाढलेला असतो. बाकीचे सगळे एका बाजूनं सपाट, जोडीतले. मोजून होतात. एकशे चौतीस.

फळात दोन दाणे धरले तर साधारण सदुसष्ट फळं. पिकलेली, एकेक हातानं तोडलेली. ओंजळभर भरतील. ती तीन आठवडे उन्हात राहिली, रोज परतली गेली, रोज झाकली गेली. अकरा मिनिटं भाजली. दहा दिवस पिशवीत थांबली. आणि 28 सेकंदांत कपात उतरली.

अशा दुकानात कधी गेलात तर कपाबरोबर पिशवीही मागून घ्या. तिच्यावर मळ्याचा भाग, वाळवायची रीत आणि भाजल्याची तारीख लिहिलेली असते. ती वाचा आणि मगच पहिला घोट घ्या. साखर नंतर घातली तरी चालेल.